टेक्ससमध्ये रानडुकरांसाठी नाइट स्कोप घेताय? कार्ड काढायच्या आधी एवढं वाचा

दर हिवाळ्यात दोन-तीन जणांचे तरी फोन येतात, की अरे रायफलवर लावायला रात्रीचा स्कोप कुठला घेऊ, बजेट दीड हजार डॉलर आहे, अमक्याने तमका सांगितलाय. मी उलट विचारतो की हातात धरून बघायचं थर्मल, म्हणजे उष्णता बघणारा कॅमेरा, आहे का तुझ्याकडे, तर नाही म्हणतात, ते कशाला, स्कोपमधूनच बघता येतं ना. तर हा सगळा लेख त्या "कशाला"चं उत्तर आहे. मी ह्युस्टनच्या पश्चिमेला राहतो, तिथून दीड-दोन तासावर एका ओळखीच्या म्हाताऱ्याचं रँच आहे, गाईगुरं आणि थोडा मका, आणि त्या मक्यात रात्री डुकरं शिरतात. आमच्या साताऱ्याकडे आजोबा माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचे तेच काम, फक्त इथे डबा पंधराशे डॉलरचा आहे.

आधी कायद्याचं उरकू, कारण त्यात आपलेच लोक जास्त अडकतात.

टेक्ससमध्ये रानडुक्कर हा 'गेम अॅनिमल' (शिकारीचे नियम लागू असलेला प्राणी) नाही त्यामुळे त्याला सीझन नाही, मर्यादा नाही, खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रात्रीही मारता येतं, आणि सप्टेंबर २०१९ पासून त्यासाठी हंटिंग लायसन्ससुद्धा लागत नाही. हरणाचं तसं नाही, हरीण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद म्हणजे बंद. पण गंमत बघा, तुम्ही एच-वन-बी वर असाल तर राज्याला लायसन्स नको असलं तरी केंद्राला हवंय! नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते संपलं की तुमचा हक्कही संपला, म्हणून तारीख बघत जा आणि शंका असेल तर वकिलाला दोन पैसे द्या, ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना असली रिस्क कोण घेतं. दुसरं म्हणजे जेन थ्री, म्हणजे तिसऱ्या पिढीची प्रकाश वाढवणारी ट्यूबवाली वस्तू (खाली सांगतो) घ्यायला गेलात की दुकानदार फॉर्म भरून घेतो, तुम्ही अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले आहात का, कारण ती निर्यात-नियंत्रित वस्तू आहे. एच-वनवाल्यांनी तो नाद सोडा. आणि यातलं काहीही, मग ते थर्मल असो का ट्यूब, परवान्याशिवाय बॅगेत टाकून भारतात न्यायचं नाही. "गावाकडे उसात डुकरं फार झालीत, एक घेऊन ये" असं काका म्हणाले तरी नाही. तिकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकराला हात लावता येत नाही.

आणखी एक, हा कायद्याचा भाग नाही पण रात्री गोळ्या झाडणार असाल तर त्या काऊंटीच्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, आधी फोन करून ठेवा. शेजारी आवाज ऐकून त्यालाच फोन करतात, मग तो बिचारा अंधारात गाडी घेऊन येतो.

आता वस्तूकडे. "नाइट व्हिजन" या एका नावाखाली बाजारात तीन वेगळ्या गोष्टी विकतात आणि पहिला गोंधळ इथेच होतो.

एक, खरी ट्यूब. चांदण्याचा जो काही थोडा प्रकाश आहे तो हजारो पटीने वाढवून दाखवणारी. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांच्या रायफलीवर जी पहिली पिढी होती ती जेन वन, मग जेन टू मध्ये मायक्रोचॅनल प्लेट आली, जेन थ्री मध्ये गॅलियम आर्सेनाइड आलं. चित्र हिरवं नाहीतर हल्ली पांढरट निळसर असतं, आणि डोळ्यावर लावून चालायला, गेट उघडायला, खड्डा चुकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण उंच गवतात बसलेलं डुक्कर यात दिसत नाही हो. रंग मातीचा, गवत मातीचं, दोन्ही सारखंच. चांगली जेन थ्री ट्यूब साधारण तीन हजार डॉलरच्या पुढे जाते, दिवसा उजेडात चालू ठेवली तर खराब होऊ शकते. डुकरांसाठी पहिली वस्तू म्हणून ही घेऊ नका, विषय संपला. जेन वन तर फुकट दिली तरी नको.

दोन, डिजिटल. साइटमार्क रेथ, एटीएन एक्स-साइट ही यातली नावं तुम्ही ऐकली असतील. हा मुळात कॅमेरा आहे, सेन्सर आणि आत छोटा स्क्रीन, आणि सोबत एक इन्फ्रारेड टॉर्च जो आपल्याला दिसत नाही पण सेन्सरला दिसतो. पाचशे ते नऊशे डॉलरमध्ये येतो, दिवसा रंगीत दिसतो, रेकॉर्डिंग होतं. माझा पहिला स्कोप हाच होता. टॉर्च ८५० नॅनोमीटरचा असतो किंवा ९४० चा. ८५० लांब जातो पण समोरून बघितलं तर लाल ठिपका दिसतो, ९४० दिसत नाही पण सेन्सरलाही कमी दिसतो म्हणून पल्ला घटतो. डुकराची नजर तशी मंदच, त्याचं सगळं काम नाकावर, त्यामुळे ८५० चालून जातो, कायोटीच्या (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) मागे लागणार असाल तर मात्र सगळे ९४० च सांगतात.

डिजिटलचा खरा त्रास वेगळाच आहे आणि तो दुकानात कळत नाही. मी मक्याच्या बांधावर ट्रायपॉड लावून बसलो होतो, समोर हातभर उंच गवत, टॉर्च चालू केला आणि स्क्रीन पांढराफेक! टॉर्चचा उजेड जवळच्या गवतावर पडून परत येतो, सेन्सर त्यालाच बघून ब्राइटनेस कमी करतो आणि मागचं शेत काळं होतं. धुकं असलं की तेच, धूळ असली की तेच. उपाय म्हणजे टॉर्च वेगळा घ्यायचा, झोत बारीक करता येणारा, आणि जमेल तेवढा उंचावर लावायचा. त्याने बराच फरक पडतो. पण बॅटरीचं गणित परत बिघडतं.

तीन, थर्मल. याला प्रकाश लागतच नाही, हा उष्णता बघतो. अंगातून जे ८ ते १४ मायक्रॉनचं रेडिएशन निघतं ते पकडतो, म्हणून काळोखात गवताच्या फटीतून डुकराची पाठ दिव्यासारखी चमकते. शोधायला याच्या तोडीचं काही नाही. पण काचेतून दिसत नाही, गाडीत बसून विंडशील्डमधून बघाल तर स्वतःचंच धूसर प्रतिबिंब दिसेल, काच खाली करावी लागते. पुढची लेन्स जर्मेनियमची असते म्हणून महाग असते, ती टीशर्टने पुसू नका प्लीज.

पल्सार, एजीएम, ट्रायजिकॉन वगैरे सगळे यात आहेत. पल्सार म्हणजे लिथुआनियाची, आपल्या बजाजशी काही संबंध नाही, हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय.

तर डुकरांसाठी आजच्या घडीला थर्मल हे माझं उत्तर आहे आणि बजेट अगदीच नसेल तर डिजिटल. पण थर्मल शोधतो छान, ओळखतो वाईट. हे वाक्य डोक्यात ठेवून पुढचे आकडे वाचा.

जाहिरातीत लिहिलेलं असतं "डिटेक्शन रेंज १८०० मीटर". लोक हुरळतात. आता हे बघा. हल्लीच्या बऱ्याच थर्मलमध्ये एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. लेन्स ३५ मिलिमीटरची असेल तर १२ मायक्रॉनला ३५ मिलिमीटरने भागायचं, म्हणजे एक पिक्सेल १०० यार्डावर साधारण सव्वा इंच जागा व्यापतो, २०० यार्डावर अडीच इंच. याच हिशोबाने १८०० मीटरवर उभा असलेला सहा फुटी माणूस किती पिक्सेलचा दिसेल? तीन. उभे तीन ठिपके. "तिथे काहीतरी गरम आहे" एवढंच कळतं, तो माणूस आहे का बॉयलर आहे ते नाही. १९५८ मध्ये अमेरिकन लष्करासाठी जॉन जॉन्सन नावाच्या संशोधकाने हेच मोजून ठेवलं होतं आणि अजून सगळे त्याचाच हिशोब वापरतात, दिसायला साधारण दोन पिक्सेल पुरतात, पण नेमकं काय आहे हे ओळखायला उंचीत बारा-तेरा लागतात. बरं, डुक्कर खांद्याला सव्वादोन फूट धरा म्हणजे २७ इंच. ३५ च्या लेन्सने बारा पिक्सेल कधीपर्यंत मिळतात? १८० यार्डापर्यंत. तेही कोरड्या स्वच्छ हवेत. म्हणजे बॉक्सवर १८०० मीटर आणि कामाचे १८० यार्ड, जवळजवळ एक शून्य गळालं की.

आता यातून जी गोष्ट निघते ती मला स्वतःला दोन वर्षांनी कळली. लोक म्हणतात ६४० चा सेन्सर घे (म्हणजे आडवे ६४० पिक्सेल), ३८४ पेक्षा क्लिअर दिसतं. पण लेन्स तीच, पिक्सेल तोच १२ मायक्रॉनचा, तर डुकरावर पडणारे पिक्सेल तेवढेच ना! ६४० मध्ये चौकट मोठी मिळते. ३५ च्या लेन्सवर ३८४ चा सेन्सर १०० यार्डावर तेरा यार्ड रुंद बघतो आणि ६४० बावीस यार्ड. कळप पसरला, पहिल्या गोळीनंतर चारी दिशांना पळाला, की ती रुंदी सोन्याची. पण बारकावा हवा असेल तर लेन्स मोठी घ्यावी लागते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १०० यार्डावर एक पिक्सेल पाऊण इंचाच्या थोडा वर. मात्र ३८४ वर ५० ची लेन्स लावली की चौकट नऊ यार्डावर येते, नळीतून बघितल्यासारखं. म्हणून ५० ची लेन्स हवी तर ६४० घ्या, आणि ६४० परवडत नसेल तर ३८४ वर ३५ वर थांबा. २५६ चा सेन्सर, २५ ची लेन्स हे साधारण हजारभर डॉलरला मिळतं, शंभर यार्डाच्या आत फीडरवर (जनावरांना दाणे टाकणारा डबा) बसणार असाल तर चालतं, उगाच नाकं मुरडू नका.

झूमला भुलू नका. थर्मलमधला झूम डिजिटल असतो, दुप्पट केला की चौकट अर्धी होते आणि तेच पिक्सेल मोठे होऊन चौकोनी दिसायला लागतात, फोनवर लग्नाचा फोटो ताणल्यासारखं. म्हणून बेस मॅग्निफिकेशन, म्हणजे झूम न करता मुळात किती पट मोठं दिसतं ते बघा. दोन ते तीनच्या आसपास असलं की डुकरांसाठी पुरे.

एनईटीडी नावाचा आकडा असतो, मिलिकेल्विनमध्ये, जितका कमी तितकं बरं. २५ म्हणजे तापमानातला अंशाचा चाळिसावा भाग इतका फरक तो पकडतो. ह्युस्टनसारख्या दमट ठिकाणी याला किंमत आहे, कारण हवेतलं बाष्पच उष्णता खातं आणि पावसानंतर सगळं रान एकाच तापमानाचं होऊन चित्र राखाडी पिठलं होतं. पण प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने मोजून छापते, १५ आणि १८ मध्ये डोक्याला ताप करून घेऊ नका. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मात्र ५० किंवा ६० हर्ट्झच हवा, ९ हर्ट्झवाला स्वस्त मिळाला तर पळतं डुक्कर त्यात उड्या मारत जातं.

आता सुरुवातीचा तो हातात धरायच्या थर्मलचा, म्हणजे हँडहेल्डचा मुद्दा.

रायफलवरच्या स्कोपने तुम्ही रान धुंडाळता तेव्हा प्रत्येक गरम गोष्टीवर तुमची नळी रोखलेली असते. म्हाताऱ्याच्या कुत्र्यावर, शेजारच्या पोराच्या चारचाकीवर, सगळ्यावर. हे एक. दुसरं, दोन तास साडेचार किलोची रायफल खांद्याला लावून कोणी बसत नाही, हात थकतो, मग माणूस बघायचंच सोडून देतो.

आणि तिसरं मी डोळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारीतली रात्र, वारा तोंडावर, म्हणजे आमच्या सोयीचा. हँडहेल्डमधून दीडशे यार्डावर गवतात तीन ठोकळे, आडवे, बुटके, पाय दिसत नाहीत, एकाचा कान हललेला. सोबतचा नागपूरचा दोस्त म्हणे डुकरंच आहेत, लाव ना. मी म्हटलं थांब, उठू दे. सात-आठ मिनिटं नुसतं बघत बसलो, मच्छर चावतायत. मग मधला ठोकळा उठला आणि उठताना आधी मागचं बूड वर आलं, मग पुढचे पाय. डुक्कर असं उठत नाही. डुक्कर आधी पुढच्या पायांवर कुत्र्यासारखं बसतं आणि मग मागून उठतं. ही वासरं होती, म्हाताऱ्याने दुपारीच कुंपणाच्या या बाजूला सोडलेली आणि आम्हाला सांगायला विसरलेला. दोस्त पुढचा अर्धा तास काही बोलला नाही.

म्हणून माझा हिशोब असाय, दोन हजार डॉलर असतील तर ते सगळे स्कोपवर घालू नका. सातशे-आठशेचा हँडहेल्ड, अगदी २५६ चा का असेना, आणि उरलेल्यात स्कोप. ट्रक थांबवायचा, काच खाली, हँडहेल्डने सगळं रान शांतपणे बघायचं, डुकरंच आहेत हे पाय, शेपूट, चालणं बघून ठरवायचं, आणि मगच रायफल बाहेर. दीड हजारच असतील तर हँडहेल्ड थर्मल आणि रायफलवर डिजिटल, ही जोडी एकट्या थर्मल स्कोपपेक्षा चांगली. थर्मलने शोधायचं, डिजिटलमध्ये त्याचे केस, कान, डोळे खरे दिसतात म्हणून ओळख पटते. यावर माझे स्वतःचे मित्र वाद घालतात, घालू देत.

थर्मलमध्ये मागचंही कळत नाही हे विसरू नका. चित्र सपाट असतं, अंतर कळत नाही, तारेचं कुंपण बऱ्याचदा दिसतच नाही, डुकराच्या मागे उतार आहे की चारशे यार्डावर कोणाचं घर आहे हे स्कोप सांगणार नाही. दिवसा एकदा त्या जमिनीवर फिरून या, कुठल्या दिशेला गोळी कधीच सोडायची नाही ते मालकालाच विचारा. लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजणारा) आत असलेला स्कोप परवडला तर घ्या.

दुकानात हातात घेतल्यावर काय बघायचं. तुमच्या कॅलिबरचा धक्का तो सोसतो का, ५.५६ ला सगळे चालतात, .३०८ असेल तर स्पेक्समध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं. आकार कसा आहे, पल्सारच्या थर्मिऑनसारखा ३० मिलिमीटर नळीचा असेल तर साध्या रिंग्समध्ये बसतो, एजीएमच्या रॅटलरसारखा बुटका असेल तर सोबतच्या माउंटने थेट रायफलवरच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर. बॅटरी बदलता येते का, का आतच बंद आहे. आतच बंदवाला घेऊ नका, रात्री दोनला संपली की हातात नुसता डबा उरतो. सुटी बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची, थंडीत लवकर बसते. बटणं हातमोजे घालून अंधारात सापडतात का ते डोळे मिटून करून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. आणि वॉरंटी. सेकंडहँड घेत असाल तर दुसऱ्या मालकाला लागू होते का ते आधी लेखी घ्या. मी एकदा तोंडी शब्दावर घेतला होता, मेलेल्या पिक्सेलची अख्खी रांग सात महिने बघत बसलो.

बसवताना माउंटचे स्क्रू टॉर्क रेंचने (मोजून आवळणारा पाना) आवळा, "हाताने घट्ट केलंय" म्हणजे तिसऱ्या गोळीला झिरो, म्हणजे क्रॉस आणि गोळीचा जुळवलेला मेळ, सरकणार. पहिल्यांदा मी ते सॉफ्टवेअरचा दोष समजून कंपनीला दोन मेल टाकले होते, स्क्रू माझाच ढिला होता.

झिरो करायला कागदाचं टार्गेट थर्मलमध्ये दिसत नाही. पुठ्ठ्याच्या मध्यभागी हिवाळ्यातला तो हँड वॉर्मर, पुडी फोडली की गरम होतो तो, स्टेपल करा, मस्त पांढरा ठिपका दिसतो. अॅल्युमिनियमची टेपही चालते, ती आकाशाचा थंडपणा परावर्तित करते म्हणून काळी दिसते, फक्त पुठ्ठा थोडा मागे कलता लावा. आधी २५ यार्डावर एक गोळी, कागदावर आणा, मग १०० वर तीन-तीनच्या गटाने. बऱ्याच स्कोपमध्ये चित्र गोठवून क्रॉस गोळीच्या भोकावर सरकवायची सोय असते, ती वापरा पण रायफल सँडबॅगवर पक्की हवी, गोठवताना हलली की सगळं वाया. झिरो झाल्यावर सेटिंगचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा.

आणि दोन सेटिंग बाहेर पडायच्या आधीच बदला. स्क्रीनचा ब्राइटनेस पार खाली आणा, नाहीतर डोळा स्कोपवरून काढला की त्या डोळ्याला दहा मिनिटं पुढचं पाऊलही दिसत नाही. दुसरं कॅलिब्रेशन. थर्मलमध्ये आतला पडदा अधूनमधून टक्क करून पडतो आणि चित्र क्षणभर थिजतं, ते ऑटोवर असलं की नेमकं तुम्ही श्वास धरून ट्रिगरवर बोट आणता तेव्हाच पडतं. ते मॅन्युअलवर टाका आणि रायफल उचलायच्या आधी स्वतः बटण दाबा. शांत रात्री तो टक्क आवाज चाळीस यार्डावरच्या डुकरिणीने ऐकून मान वर केलेली मी पाहिली आहे, तेव्हा जवळ जाण्याआधीच दाबा.